हार नको, हिशेब मांडा
(जिल्हा बैठकीत वाचून चर्चा करण्यासाठी)



मागच्या तालुका बैठकीत एक भांडण झाले. ते मिटले नाही, आणि बरे झाले मिटले नाही. विषय साधा होता. 1 जुलैला कृषी दिन येतो, वसंतराव नाईकांची जयंती येते. त्या दिवशी आपण फोटो लावायचा की नाही?

एक तरुण कार्यकर्ता ताडकन उठला. म्हणाला, “लेव्ही लावून शेतकऱ्याची ज्वारी उचलली ती ह्यांच्याच राज्यात. कापसाला बेड्या घातल्या त्या ह्यांच्याच राज्यात. आणि आपण हार घालायचे? मग चळवळ कशाला काढली?”

मागे बसलेले तांड्यावरचे एक म्हातारे काका हळूच म्हणाले, “बाळा, बाहत्तरला तू नव्हतास. मी होतो. माझी लेकरं जगली.”

सभा दोन मिनिटे गप्प झाली. मग ज्याने त्याने आपापल्या जागेवरून बोलायला सुरुवात केली. कोणी तरुणाला कृतघ्न ठरवले, कोणी काकांना जातीचा अभिमानी ठरवले. मला दोन्ही आरोप खोटे वाटतात. पोरगा खरे बोलत होता आणि काकाही खरेच बोलत होते. चूक आपली, म्हणजे मधल्या पिढीची आहे. आपण शिकलो, पदव्या घेतल्या, पण मागच्या माणसाचा हिशेब कसा मांडायचा हे ना मुलांना शिकवले, ना स्वतः शिकलो. आपल्याला दोनच कामे येतात, शेंदूर फासणे नाहीतर दगड मारणे.

हा लेख त्या हिशेबासाठी आहे. आधी जमा, मग खर्च, मग शिल्लक.

जमेची बाजू

वसंतराव नाईक 5 डिसेंबर 1963 ला मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी 1975 पर्यंत राहिले. सलग अकरा वर्षांहून जास्त. इतका काळ ती खुर्ची दुसऱ्या कुणाला लाभली नाही. जन्म 1 जुलै 1913, पुसद तालुक्यातले गहुली. बंजारा समाजातला, तांड्यावरचा मुलगा वकील होतो, पुसदचा नगराध्यक्ष होतो आणि पुढे राज्याचा कारभार हाकतो, ही गोष्टच त्या काळात डोंगराएवढी. तिचा अभिमान तांड्यांना असेल तर त्याला नाक मुरडण्याचा अधिकार कुणाला नाही. मलबार हिलवरच्या बंगल्याला ‘वर्षा’ हे नाव त्यांनीच दिले. पाऊस पडला की नाही, हा प्रश्न डोक्यात घेऊन झोपणारा माणूस तिथे राहत होता, एवढे तरी त्यावरून समजावे.

मी कृषी पदवीधर आहे, म्हणून शेतीचे आधी सांगतो. 1964 मध्ये सीएसएच-1 हे देशातले पहिले संकरित ज्वारीचे वाण बाहेर आले. वाण काढले शास्त्रज्ञांनी, पण कागदावरचे वाण बांधापर्यंत न्यायला सरकार लागते. बी, खत, औषध, कर्ज आणि सांगणारा माणूस, हे सगळे एका वेळी गावात पोचवावे लागते. ते काम नाईकांच्या सरकारने जिद्दीने केले. माझे आजोबा सांगत, खरिपाच्या गावठी ज्वारीची एकरी तीन-चार पोती व्हायची, हायब्रीडची पहिल्याच वर्षी दहा झाली. बघायला शेजारच्या गावची माणसे बैलगाडी जुंपून आली होती. ज्या घरात आषाढ-श्रावणात चूल दोनदा पेटत नव्हती, त्या घराला या दहा पोत्यांचा अर्थ विचारा.

राज्यातली चारही कृषी विद्यापीठे त्यांच्याच काळातली. राहुरी 1968, अकोला 1969, परभणी आणि दापोली 1972. परभणीचे विद्यापीठ मात्र कुणी ताटात वाढून दिले नाही. त्यासाठी मराठवाड्यातल्या पोरांना रस्त्यावर उतरावे लागले. 2013 मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, परभणीच्या विद्यापीठाला नाईकांचे नाव दिले गेले. आंदोलन करणाऱ्या पोरांची नावे आज किती जणांना सांगता येतील?

आणि बाहत्तर. 1970 पासून पाऊस हुलकावणी देत होता, 1972 ला त्याने पाठच फिरवली. आपल्या जिल्ह्यात विहिरी तळाला गेल्या, जनावरे दाव्याला मेली, मिळेल त्या भावाने विकली गेली. पण माणसे पूर्वीच्या दुष्काळांसारखी हजारोंनी मेली नाहीत. का नाही मेली? कारण सरकारने कामे काढली. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभरात जवळजवळ पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणे. माझी आजी खडी फोडायला होती. डोळ्यात कपची गेलेली, ती खूण शेवटपर्यंत राहिली. कामावर सुकडी मिळायची, रेशनला लाल मिलो मिळायचा. आजी म्हणायची, मिलोची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडायची. पण ती भाकरी होती.

याच काळात विठ्ठल सखाराम पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. मागेल त्याला काम, हा विचार सरकारी कागदावर आला. पुढे 1975 मध्ये त्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला, 1977 मध्ये कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. 2005 मध्ये केंद्र सरकारने रोजगार हमीचा कायदा केला, तो याच वाटेने. श्रेय एकट्या नाईकांचे नाही. पाग्यांचे आहे, विधानसभेत आणि रस्त्यावर सरकारला धारेवर धरणाऱ्या विरोधकांचे आहे, आणि कामावर मोर्चे काढणाऱ्या आपल्या आज्यांचे आहे. पण मुख्यमंत्री आडवा पडला असता तर हे झाले नसते, हेही तितकेच खरे.

म्हणून काका म्हणतात ते खोटे नाही. जमेची बाजू भरघोस आहे.

खर्चाची बाजू

आता पोराचे ऐका.

1965 मध्ये पुण्याला शनिवारवाड्यावर नाईकांनी जाहीर सांगितले की, दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. हे वाक्य आजही प्रत्येक जयंतीला टाळ्या घेते. पण टाळ्या वाजवणारा एकही वक्ता पुढचे सांगत नाही. दोन वर्षांत राज्य स्वयंपूर्ण झाले का? झाले नाही. सात वर्षांनी बाहत्तर आले आणि परदेशी मिलो खाऊन आपण जगलो. मला त्यांना फाशी द्यायची नाही. उलट मी म्हणतो, आपल्या कामाला मुदत आणि माप लावून देणारा तो पुढारी होता, ही त्यांची मोठी गोष्ट. आजचा कुणी लावून दाखवो! पण ज्याने स्वतःहून माप हातात दिले त्याला आपण मापायचेच नाही, फक्त वाक्याची पूजा करायची, हा त्याचा मान झाला की अपमान?

दुसरे, हायब्रीड. खरिपाचे उत्पादन वाढले, पण हे वाण बुटके, म्हणून कडबा कमी. ज्याच्या दावणीला बैल, त्याला कडबा म्हणजे अर्धे पीक. दाणा भरताना पाऊस लागला की बुरशी धरून ज्वारी काळी पडे आणि बाजारात तिला कुणी विचारत नसे. खोडमाशी आली, मिजमाशी आली, मग औषधाची उधारी आली. भाकरीला चव नव्हती. ‘हायब्रीड’ हा शब्द आपल्याकडे शिवी झाला तो उगाच नाही. अंगात दम नसलेल्या पोराला म्हातारी माणसे हायब्रीड म्हणू लागली.

आणि आपल्या जिल्ह्याचा मुख्य प्रश्न तर वेगळाच होता. बीड, धाराशिव, सोलापूर हा रब्बी ज्वारीचा पट्टा. आपले पीक मालदांडी. मोहोळच्या केंद्रावर निवडलेले हे वाण नाईक मुख्यमंत्री होण्याच्या कितीतरी आधीचे आहे, आणि आजही आपण तेच पेरतो. हरितक्रांतीचा डंका खरिपात वाजला, बागायतीत वाजला. जमिनीतल्या साठवलेल्या ओलीवर येणाऱ्या रब्बीच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात तो आलाच नाही. ‘हरितक्रांतीचे प्रणेते’ हा शब्द आष्टी-पाटोद्याच्या माळावर उभे राहून म्हणून बघा, जिभेला जड जातो.

तिसरे, आणि चळवळीच्या दृष्टीने सगळ्यात मोठे, ते म्हणजे भाव. पिकवा, पिकवा म्हणून सांगितले. पिकवले. मग काय झाले? साठच्या दशकात ज्वारीवर सक्तीची खरेदी आली, लेव्ही आली, बंदी आली. बाजारात जास्त भाव असताना सरकारी भावाने ज्वारी घालावी लागे. आमच्या गावात लेव्हीवाले येणार अशी कुणकुण लागली की रात्री पेवाचे तोंड मातीने बुजवून वर गोठ्यातला केर पसरत. चोराने घर लपवावे तसे शेतकऱ्याने आपल्याच घामाचे धान्य लपवायचे! हे कुणी केले? अन्नमंत्र्यांपासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांनी मिळून केले, पण राज्यात सही नाईकांच्या सरकारची होती.

इथे न्यायाने बोलले पाहिजे. त्या काळी देश अमेरिकेच्या गव्हावर जगत होता, जहाज उशिरा आले तर मुंबईत रेशन बंद पडण्याची भीती होती. किमतीचे धोरण दिल्लीत ठरत होते. कृषी मूल्य आयोग 1965 चा, अन्न महामंडळही 1965 चेच. एकट्या राज्याच्या हातात सगळे नव्हते. मान्य. पण शहराचे पोट भरण्याचा खर्च कुणी सोसावा, हा निर्णय तर माणसांनीच घेतला ना? तो खर्च पगारदारावर, कारखानदारावर टाकता आला असता. टाकला तो ज्वारीवाल्यावर. रोजगार हमीसाठी शहरावर कर बसू शकतो, हे 1975 मध्ये दिसले. मग दहा वर्षे आधी धान्यासाठी का बसला नाही?

चौथे, कापूस. 1971 चा एकाधिकार खरेदीचा कायदा आणि 1972 च्या हंगामापासून योजना. हेतू वाईट नव्हता. व्यापाऱ्याच्या काट्यातून शेतकऱ्याला सोडवायचे, हमी भाव द्यायचा, नफ्यातला वाटा द्यायचा. पण कापूस सरकारलाच विकायचा, दुसरीकडे न्यायचा नाही. पुढे शेजारच्या राज्यात भाव चढला तरी सीमेवर गाडी अडवली जायची. ग्रेडरच्या मर्जीवर कापसाची प्रत ठरायची, केंद्रावर रात्र-रात्र मुक्काम पडायचा आणि चुकाऱ्यासाठी महिने मोजावे लागायचे. सावकाराची बेडी तोडायला आणलेल्या हातोड्याने सरकारी बेडी ठोकली गेली. ही वाढलेली विषवल्ली नाईकांच्या नंतरची, हे खरे. पण बी त्यांच्या काळातले.

पाचवे, मराठवाडा. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीचा पाया घातला गेला, धरणाचे लोकार्पण 1976 ला इंदिरा गांधींच्या हस्ते झाले. काम चालले ते नाईकांच्या काळात, त्यामागे उभे राहिले शंकरराव चव्हाण. गेवराई-माजलगावचा कालवा तिथून येतो. पण रस्ते, रेल्वे, नोकऱ्या, उद्योग यांत मराठवाडा इतका मागे ठेवला गेला की 1974 मध्ये विकास आंदोलन पेटले, वसमतला गोळीबार झाला आणि विद्यार्थी बळी गेले. अनुशेष मोजायला 1983 मध्ये दांडेकर समिती नेमावी लागली. अकरा वर्षे ज्याच्या हाती राज्य, त्याच्या खात्यावर हे लिहावेच लागेल.

आणि शेवटचे, कोयता. त्याच काळात पश्चिमेकडे सहकारी साखर कारखाने वाढले. आपल्याकडे बाहत्तर आले. एकीकडे ऊस तोडायला हात हवे होते, दुसरीकडे हातांना काम नव्हते. दसरा-दिवाळीला गाड्या भरून बीड जिल्हा खाली उतरू लागला, तो अजून उतरतो आहे. मुकादमाची उचल, नवरा-बायको मिळून एक कोयता, कोपीत जन्मलेली लेकरे, शाळेतून गळालेली लेकरे. आणि 2019 मध्ये बाहेर आलेले ते भयंकर वास्तव, खाडा पडू नये म्हणून, दुखण्याला कायमचा उपाय म्हणून गर्भाशय काढून घेतलेल्या आपल्या बहिणी. दुष्काळात सरकारने हात दिला. पण दुष्काळ सरल्यावर या हातांना गावातच काम मिळेल अशी शेती उभी केली नाही. हे पाप एका माणसाचे नाही. पण ज्यांच्या नावाने शेतीचे पुरस्कार वाटतात, त्यांच्या राज्यात हा रस्ता रुळला, हे लपवून कसे चालेल?

इतिहासाचे खोटे काटे

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मागची पिढी गेली की पुढची पिढी पुढाऱ्याला कशाने मोजते?

पहिला काटा जातीचा. आपला असेल तर देव, दुसऱ्याचा असेल तर दैत्य. आज प्रत्येक समाजाने एकेक पुढारी वाटून घेतला आहे, त्याच्याबद्दल बोलायचे तर आधी जातीचा दाखला दाखवावा लागतो. नाईक बंजाऱ्यांचे, अमके वंजाऱ्यांचे, तमके मराठ्यांचे. मग ज्वारी कुणाची? लेव्ही घेताना कुणी जात विचारली होती?

दुसरा काटा संस्थांचा. ज्याच्या नावाचे कारखाने, शाळा, बँका, त्याची जयंती. ज्याच्या मागे काही नाही, तो पुसला जातो. आपल्याच जिल्ह्याचे बघा. 1967 मध्ये बीडने लोकसभेवर कुणाला पाठवले? क्रांतिसिंह नाना पाटलांना! साताऱ्याच्या प्रतिसरकारचा तो ढाण्या वाघ कम्युनिस्ट पक्षाकडून आपला खासदार होता. परक्या जिल्ह्याचा, जातीचे गणित नाही, पैसा नाही, आणि बीडच्या शेतकऱ्याने त्याला निवडून दिले. मी कॉलेजच्या पोरांना विचारतो, शंभरात पाच जणांना ठाऊक नसते. ज्या जिल्ह्याला हे आठवत नाही, त्याला आज जातीवर मते मागणारे सहज विकत घेतात, यात नवल काय?

तिसरा काटा सोयीचा, आणि तोच सर्वांत घातकी. सत्तेवरचा माणूस मेलेल्या पुढाऱ्याला हार घालतो तो त्याच्या आडोशाला उभे राहण्यासाठी. 19 मार्च 1986 ला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने बायको-मुलांसह जीवन संपवले. नाईकांचा तोच जिल्हा. पुढे विदर्भातल्या आत्महत्या थांबवण्यासाठी सरकारने मिशन काढले आणि त्याला नाव दिले वसंतराव नाईकांचेच! नाव त्यांचे, मरण आपले. दिल्लीची हमीभावाची यादी बघा. 2024-25 ला हायब्रीड ज्वारी क्विंटलला 3371 रुपये आणि मालदांडी 3421. पन्नास रुपयांचा फरक! ज्याने मालदांडी पेरली, काढली, खाल्ली, तो हा हिशेब करील का? पण 1 जुलैला याच यादीवर गप्प बसणारे लोक फोटोपुढे हात जोडून उभे असतात.

खरा काटा

मग माणसाला मोजायचे कसे? मी चार प्रश्न सुचवतो.

एक, त्याच्या हातात काय होते आणि काय नव्हते? पाऊस आणि दिल्ली त्याच्या माथी मारू नका. सही त्याची असेल तर सोडू नका.

दोन, त्या वेळी त्याला काय कळू शकत होते? हायब्रीडच्या पुढे खत-औषधाचे कर्ज वाढेल हे 1965 ला ओळखणे अवघड होते. पण बाजारात जास्त भाव असताना सक्तीने कमी भाव देणे म्हणजे लूट, हे कळायला शास्त्र लागत नव्हते.

तीन, फळ कुणी खाल्ले आणि किंमत कुणी मोजली? या प्रश्नाने निम्म्या जयंत्या बंद पडतील.

चार, श्रेय वाटून दिले का? तलाव मुख्यमंत्र्याने बांधला असे पाटीवर लिहितात. माती कुणाच्या डोक्यावर होती?

या काट्यावर माझे वजन असे येते. नाईक शेतीवर मनापासून माया करणारे राज्यकर्ते होते. त्यांनी उपाशी माणूस जगवला. पण जगलेल्या माणसाला दामाचा धनी केले नाही. पिकवणारा त्यांना हवा होता, विकणारा स्वतंत्र शेतकरी त्यांच्या सरकारला नको होता. कुणी म्हणेल, मेलेल्या माणसाविषयी असे बोलू नये. मी म्हणतो, ज्याने शनिवारवाड्यावर उभे राहून मला मापा म्हणून सांगितले, त्याच्याशी खोटे बोलू नये.

आता काय करायचे?

जिल्हा बैठकीपुढे माझा ठराव असा. येत्या 1 जुलैला फोटो लावायचा. काकांसाठी लावायचा, आणि आपल्यासाठीही. पण हार घालून घरी जायचे नाही. फोटोखाली पाटी लावून हा जमाखर्च मोठ्याने वाचायचा, आणि गावात ज्याला यात चूक दिसेल त्याने तिथेच दुरुस्त करायची.

दुसरे, प्रत्येक गावाने बाहत्तरच्या कामांची यादी करायची. कोणता पाझर तलाव, कोणता नालाबांध, गाळ किती, सांडवा फुटला का, पाणी कुठवर टिकते. त्या कामावर राबलेली जी म्हातारी माणसे अजून हयात आहेत, त्यांना त्या दिवशी तलावाच्या भिंतीवर न्यायचे आणि त्यांच्या तोंडून ऐकायचे. ती माणसे झपाट्याने कमी होत आहेत. यादी जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवून दुरुस्तीची कामे गावातल्याच हातांना, कोयता उचलायच्या आधी, मागायची.

तिसरे, मालदांडीला तिच्या खर्चावर भाव आणि विकायला मोकळा बाजार, हे मागणीपत्र त्याच फोटोसमोर गावसभेत मंजूर करायचे.

त्या तरुण कार्यकर्त्याला आणि त्या काकांना मी एकाच गावाची यादी करायला सोबत जायला सांगितले आहे. काका बोलतील, पोरगा लिहील. दोघेही तयार झाले आहेत.